चिंगीच्या पोटातली सुई

‘यानं काही गिळलंय का?’ हा प्रश्न मी एकतीस वर्षं विचारते आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं.

जळगाव रोडला माझा जनावरांचा दवाखाना आहे. सुरुवातीला म्हशी, शेळ्या, टांग्याचे घोडे असं सगळं यायचं. शहर वाढलं, म्हशी लांब गेल्या आणि कुत्री वाढली. संपादकांनी ‘दवाखान्यातले गमतीदार अनुभव लिहा’ असं सांगितलं आहे. गमतीचे आहेतही. पण लिहायला बसल्यावर जो एक प्रसंग सारखा पुढे येतो तो गमतीचा नाही, आणि त्यात माझी बाजूही फारशी चांगली नाही. तरी तोच सांगते.

आधी कामाबद्दल थोडं. कुत्र्याला हात नसतात. नवी वस्तू काय आहे हे ते तोंडात घेऊनच पाहतं. त्यातलं बरंचसं थुंकून टाकतं, काही गिळतं. मोजे, चेंडू, नाणी, मुलांच्या खेळण्यांची चाकं, आंब्याच्या कोयी, एकदा तर कवळीचा अर्धा भाग, एवढं मी माझ्या हातानं बाहेर काढलेलं आहे. लोकांना वाटतं, एक्स-रे काढला की सगळं कळतं. तसं नसतं. धातू दिसतो, हाड दिसतं, दगड दिसतो. कापड, पातळ प्लास्टिक, लाकूड धड दिसत नाही. सिल्लोडकडचा मका बाजारात यायला लागला, रस्तोरस्ती कणसं भाजणारे बसले, की माझ्याकडे दोन-चार कुत्री ठरलेली. दाणे खाऊन फेकलेलं कणीस कुत्रं गिळतं. ते पचत नाही, आतड्यात बूच मारल्यासारखं बसतं आणि एक्स-रेत नीट दिसतही नाही. म्हणून विचारावं लागतं. आणि विचारलं की माणसं लपवतात.

सिडकोतले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आपला लॅब्रॅडोर घेऊन आले होते. बरोबर त्यांची पत्नी. कुत्रा दोन दिवस उलट्या करत होता. ‘काहीही खाल्लेलं नाही, मी स्वतः लक्ष ठेवून असतो,’ गृहस्थ म्हणाले. एक्स-रेत सिगारेटचा लायटर दिसला, पत्र्याच्या टोपीसकट. तीन वर्षांपूर्वी गृहस्थांची सिगारेट सुटल्याबद्दल घरात सत्यनारायण झालेला होता.

‘रस्त्यावर सापडला असेल त्याला,’ गृहस्थ म्हणाले.

‘आपल्या गॅलरीतून कोणता रस्ता जातो?’ बाईंनी शांतपणे विचारलं.

अशी माणसं पाहून पाहून मी संशयी झाले. संशय हेच माझं खरं हत्यार आहे, असं मला वाटायचं. मालक सांगतो ते ऐकायचं, पण त्याच्याकडे न बघता बरोबर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. कोण बोलताना अडखळतो, कोण नको तेवढं बोलतो, कोण दाराशी घुटमळतो. कन्नडच्या बाजूच्या एका मळ्यातलं कुत्रं आलं होतं, त्याच्या पोटात मटणाच्या गोळ्यात दाबलेलं ब्लेडचं पान होतं. कुत्र्याला गाडीत घालून आणणाऱ्या शेजारच्या मळ्यातल्या माणसाकडे बघून मी मालकाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘यालाच विचारा.’ त्यालाच विचारलं, आणि तोच निघाला. पाण्याच्या पाळीवरून वाद होता. ती गोष्ट पंचक्रोशीत पसरली. ‘मॅडमला कुत्र्याचं कळतंच, माणसाचंबी कळतं,’ असं लोक म्हणायला लागले. मीही ते मानायला लागले.

चिंगी आली ती त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं.

उन्हाळा नुकता लागला होता. सकाळी दहाचा सुमार. रिक्षातून दोन माणसं उतरली, एकाच्या दोन्ही हातांवर तांबूस रंगाची, मध्यम अंगाची गावरान कुत्री. मान लोंबत होती, तोंडातून लाळ गळत होती. ज्याच्या हातावर होती तो माणूस पन्नाशीचा, मुसलमान, दाढी पांढरी, कुर्त्याला कापूस चिकटलेला. दुसरा उंच, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलवाला तिचा मालक, सोपान. मूळचा कन्नडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं विकून शहरात आला होता आणि हर्सूलच्या पुढे बरीच वर्षं रखडलेल्या एका बांधकामाच्या जागेवर राखणदार होता. बायको हौसाबाई, चार शेळ्या आणि चिंगी एवढा त्याचा संसार. दाढीवाले हनीफभाई. ते गादीवाले. मूळचे सिल्लोडचे. त्याच जागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं कापूस पिंजायचं मशीन होतं. गाद्या, उशा, रजया भरून द्यायचे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की मालक मागे आहे आणि दुसराच माणूस कुत्री घेऊन पुढे घुसतो आहे.

कुत्री टेबलावर ठेवता ठेवताच हनीफभाई म्हणाले, ‘म्याडम, सुई देखो पयले. मेरेकू लगता, इसके पेट में सुई गई.’

मी अजून कुत्रीला हातही लावला नव्हता.

‘कशावरून?’ मी विचारलं.

‘वो क्या है ना, परसों शाम कू मैं...’

‘मालक कोण आहे हिचा?’

‘म्या,’ सोपान म्हणाला.

‘मग मालकानं थांबावं. बाकीच्यांनी बाहेर.’

तपासायला घेताना माझा तो नेहमीचा नियम होता. टेबलाजवळ गर्दी झाली की जनावर बिथरतं, हे खरंच आहे. पण त्या दिवशी मी तेवढ्यासाठी त्यांना बाहेर काढलं नाही. माझ्या मनात प्रश्न उभा राहिला होता, आणि तो मला मालकाला एकट्याला विचारायचा होता. हनीफभाई दारापर्यंत गेले, वळले, काहीतरी बोलणार होते. मी दार लोटलं.

सोपाननं सांगितलं, दोन दिवसांपासून खात नाही, पाणी प्यायली की उलटी. काल उलटीत पांढरे चरबीचे कण होते. पोटाला हात लावू देत नाही.

‘मटण केलं होतं का घरी?’

‘नाय जी. महिना झाला आसंल.’

एक्स-रेत सुई स्वच्छ दिसली. बोटभर लांब, जाड, जठराच्या तोंडाशी आडवी. नुसती सुई असती तर एक वेळ बरं. पण पुढची आतडी एका जागी गोळा झालेली दिसत होती. सलवारीच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड कसं चुणतं, तशी. म्हणजे सुईत दोरा होता. सुई जठरात अडकली होती, दोरा पुढे आतड्यात गेला होता, आणि आतडं बिचारं दोऱ्याला पुढे ढकलता ढकलता स्वतःच त्यावर चढत होतं. अशा वेळी ताणलेला दोरा आतड्याला आतून करवतीसारखा कापतो. वेळ फार नव्हता.

इथं जरा थांबून सांगते, कारण हे वाचणाऱ्यांच्या घरात कुत्री असतील. सुई, खिळा, गळ, घड्याळातला वाटोळा सेल, जाळणारं औषध असं काही पोटात गेल्याची शंका असेल, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ज्या वाटेनं ते आत गेलं ती वाट दुसऱ्यांदा फाटते. केळं, तूप, भात चारून ‘आपोआप पडेल’ म्हणून बसू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर चुकूनही ओढू नका. काय गिळलं असेल त्याच्यासारखी दुसरी वस्तू, फाटलेली पुडी, उरलेला तुकडा, जे असेल ते बरोबर घ्या, किती वाजता घडलं ते आठवा आणि दवाखाना गाठा. आणि जे माहीत असेल ते डॉक्टरला सांगा. हा सल्ला मी शेकडो लोकांना दिला असेल. त्या सकाळी एक माणूस नेमकं हेच करायला आला होता आणि मी त्याला दाराबाहेर काढलं होतं.

मी सोपानला एक्स-रे दाखवला. तो पांढऱ्या रेघेकडे बघत राहिला.

‘कोणाशी वाकडं आहे का तुमचं?’ मी विचारलं.

‘नाय, मॅडम. आमचं कोनाशी काय वाकडं आसनार.’

‘उलटीत चरबी होती म्हणता. घरात मटण नाही. म्हणजे चरबीत सुई घालून कोणीतरी दिली असणार. अशी सुई कोणाकडे असते?’

सोपानची नजर दाराकडे गेली. मी ती पाहिली, आणि जे वाक्य बोलायला नको होतं ते बोलले.

‘एक्स-रे काढायच्या आधी, पोटात सुईच आहे हे त्याला कसं माहीत?’

सोपान पुन्हा एक्स-रेकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘तुमी तिला वाचवा, मॅडम. बाकीचं म्या बगतो.’

दुपारी बारा वाजता चिंगीला भूल दिली. मदतीला शोभाताई होत्या. वीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. जठर उघडून सुई धरली, सुईच्या नेढ्याशी दोरा कापला, मग आतड्याला तीन ठिकाणी छेद देऊन दोरा तुकड्यातुकड्यांनी काढला. एका झटक्यात ओढला तर आतडं उसवतं, म्हणून धीर धरावा लागतो. दोरा जाड, पांढरा, दुहेरी, सगळा चरबीत माखलेला. एके ठिकाणी आतड्याला भोक पडण्याच्या बेतात होतं. तेवढं शिवून घेतलं. दोन तास गेले. माझ्या हातून झालेल्या चांगल्या शस्त्रक्रियांपैकी ती एक होती, हे आजही म्हणेन.

मधे शोभाताई बाहेर जाऊन आल्या होत्या. ‘तो दाढीवाला माणूस दोनदा विचारून गेला, सुई मिळाली का म्हणून,’ त्या म्हणाल्या.

‘कुत्री कशी आहे ते नाही विचारलं?’

‘ते पण विचारलं.’

मी त्यातलं पहिलं तेवढं मनात ठेवलं.

मी बाहेर आले तेव्हा हनीफभाई पायरीवर बसले होते. सोपान रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, एकटा उभा होता. एकाच रिक्षातून आलेली माणसं. हनीफभाई उठले. ‘बची क्या, म्याडम?’

‘वाचेल,’ मी म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्यांनी डोळे पुसले. मला ते डोळे घाबरलेल्या माणसाचे वाटले. तसे ते होतेही. कशाला घाबरलेले, एवढंच माझं चुकलं.

दहा दिवसांनी सोपान टाके काढायला चिंगीला घेऊन आला. ती चालत आली, शेपटी हलवत. या वेळी बरोबर हौसाबाई होती.

‘काय झालं मग त्या माणसाचं?’ मी टाके काढता काढता विचारलं. खरं सांगायचं तर मला माझा अंदाज बरोबर निघाल्याचं ऐकायचं होतं.

‘त्यानं सोताच कबूल केलं,’ सोपान म्हणाला. ‘घरी गेल्यावर म्या विचारलं, तुला कसं ठावं सुई हाय म्हनून. तर म्हनला, सुई माझीच हाय. तोंडावर म्हनला, मॅडम.’

‘मग?’

‘मंग काय. म्या मुकादमाला सांगितलं. मुकादमानं जागेच्या मालकाला सांगितलं. शेड खाली कराया लावलं.’

हौसाबाई चिंगीचं डोकं धरून बसली होती. ती खाली बघतच म्हणाली, ‘वस्तीतले दोन-तीन जन आले व्हते. मोबाइलवर शूटिंग करत व्हते, त्याला नाव विच्यारत व्हते. ज्यांनी कदी कुत्र्याला तुकडा टाकला नाय ते.’

‘तू गप,’ सोपान म्हणाला.

‘मारलं बिरलं का?’ मी विचारलं.

‘नाय. त्यानं मशीन टेम्पोत घातलं आन् गेला.’

मला जरा अस्वस्थ वाटलं. जरा म्हणजे जराच. त्यानं कबूल केलं होतं ना. ब्लेडवाल्या प्रकरणानंतर हे दुसरं. त्या संध्याकाळी मी घरी जेवताना ही गोष्ट सांगितलीसुद्धा, आणि जेवणाऱ्यांनी मान डोलावून ऐकली.

थंडी सुरू होताना मला दवाखान्यासाठी गाद्या भरून घ्यायच्या होत्या. शस्त्रक्रिया झालेली जनावरं फरशीवर गारठतात. शहागंजात गादीवाल्यांची दुकानं आहेत. मी एका दुकानात शिरले, मालकाशी बोलले. आत कापसाच्या धुरळ्यात एक माणूस अर्धा पाठमोरा बसून गादीची कड शिवत होता. माझं बोलणं चालू असताना माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. त्यानं सुईत नवा दोरा ओवला, बाजूची पत्र्याची डबी उघडली, डबीतल्या पिवळट गोळ्यातून दोरा दोनदा ओढून घेतला आणि सुई त्या गोळ्यात टोचून पुन्हा बाहेर काढली. मग डबीचं झाकण दाबून लावलं आणि उठून डबी भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवली. बसलेल्या माणसाला दर वेळी उठावं लागेल एवढ्या उंच.

वास माझ्यापर्यंत आला. मटणाच्या चरबीचा.

मी दुकानदाराला काय म्हणाले ते आठवत नाही. आत गेले. त्यांनी वळून पाहिलं आणि लगेच ओळखलं.

‘सलाम, म्याडम. चिंगी खाती क्या अब बराबर?’

एवढं सगळं झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा होता.

मी गाद्यांच्या थप्पीवर बसले. ‘हनीफभाई, हे चरबीचं काय आहे?’

‘ये? दोऱ्याकू लगाते. जाड कापड से सुई सर्र जाती, जंग नहीं लगता. आजकल सब लोक मेण वापरते. हमारे वालिद चर्बी वापरते थे, तो मेरेकू भी वोइच आदत.’ त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. ‘उस शाम कू डबी खुली रह गई. सुई उसमें टोचेली, दोऱ्या सहित. नमाज कू गया, आके देखा तो डबी उलटी पडेली, अंदर कुछ नहीं. मेरेकू लगा चूहा ले गया होंगा. बॅटरी लेके बहुत शोधलं. शेळ्यांच्या चाऱ्यात जाऊन पडली तर काय, म्हणून तिकडंपण शोधलं. फिर दो दिन बाद सोपान बोला, चिंगी खाती नहीं. तब मेरे ध्यान में आया.’

‘सोपानला का नाही सांगितलंत, रिक्षात?’

‘डर लगा. बोला, पयले डॉक्टर कू दिखाते, पक्का हुआ तो बताते. उसकी जान उस कुत्ती में है.’ त्यांनी कुर्त्यावरचा कापूस झटकला. ‘मैं वोइच बोलने आया था आपकू.’

परसों शाम कू मैं, इतकंच ते बोलू शकले होते. मला ते तीन-चार शब्द अगदी त्यांच्या आवाजात आठवले.

मी त्यांची माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही; नीट मागता आली नाही. सोपानच्या मनात संशय मी घातला, असं स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, ‘आपने तो एक बार बोला. सोपान के साथ मैं छे साल बैठा था, म्याडम. उसने कायकू मान लिया?’

मी गाद्यांची मापं दिली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्सूलला त्या जागेवर गेले. इमारतीचे दोन मजले चढले होते. सोपान शेळ्यांना पाला टाकत होता, चिंगी धावत येऊन माझ्या पायाशी लोळली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डबी, चरबी, नमाज, बॅटरी, काही न गाळता. आणि शेवटी म्हणाले, ‘सोपानराव, चूक माझी आहे. मी त्यांचं ऐकून घेतलं नाही, आणि तुम्हाला भलतंच विचारलं.’

सोपान पाल्याची पेंढी हातात धरून उभा होता.

‘मंग त्यानं कबूल कामून केलं?’

‘त्यांनी कबूल नाही केलं. तुम्हाला सांगितलं, सुई माझी आहे म्हणून. पुढचं तुम्ही ऐकलं का?’

‘नाय,’ तो म्हणाला. ‘म्या लई बोललो त्याला. तो कायतरी सांगत व्हता. म्या बोलतच व्हतो.’

झोपडीच्या दारात हौसाबाई भांडी घासत होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. ‘म्या सांगितलं व्हतं तुमाला. त्या सांजेला तो बॅटरी घिऊन शेळ्याजवळ हुडकत व्हता. म्या विच्यारलं, काय हरवलं भाई, तर म्हनला, सुई हरवली भाबी, शेळ्या संबाळा. इख घालनारा मानूस आसं सांगत आसतो व्हय?’

‘हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात?’ मी विचारलं.

‘बोलले की. ह्ये म्हनले, मॅडमला जास्त कळतं का तुला.’

गेल्या एकतीस वर्षांत माझ्या शिक्षणाबद्दल, अनुभवाबद्दल खूप जण चांगलं बोलले. त्यातलं हे एक वाक्य मी विसरू शकत नाही.

सोपान म्हणाला, ‘आता कोनत्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?’

मी पत्ता दिला. बरोबर येऊ का, असंही विचारलं. तो नको म्हणाला. मुकादमाला मी स्वतः भेटले आणि खरं काय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, ‘हो का,’ म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला. शेडच्या जागी त्यानं सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. ज्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं त्यांना कोण, कुठे, काय सांगणार होतं, मला कळलं नाही. ती चित्रफीत कोणाच्या तरी मोबाइलमध्ये अजून असेल.

तेव्हापासून मी टेबलाजवळची माणसं बाहेर काढत नाही. जनावर बिथरलं तर बिथरू दे, पण कोणी वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत थांबते. माझा संशय गेला, असं मात्र नाही. तो इतक्या वर्षांचा आहे, एका चुकीनं जात नाही. परवाच एका बाईंनी आपल्या कुत्र्यानं सुनेच्या गोळ्यांची पट्टी खाल्ली असं सांगितलं, आणि मी लगेच बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. मग स्वतःलाच दटावलं आणि गोळ्या कसल्या होत्या तेवढं विचारलं. कुत्र्याच्या पोटावर इलाज करायला तेवढंच लागतं. पूर्वी हे दटावणं नव्हतं.

गाद्या न्यायला मी पंधरा दिवसांनी शहागंजात गेले. हनीफभाईंनी त्या स्वतः भरल्या होत्या, घट्ट आणि सपाट.

‘सोपान आला होता का?’ मी विचारलं.

‘हौ, आया था. दो बार आया. चिंगी कू लेके.’

‘बोललात दोघं?’

‘बोला ना वो. पाँव पड़ने लगा, मैंने पड़ने नहीं दिया. चाय पी दोनों ने. चिंगी तो उठतीच नव्हती माझ्या मांडीवरून. उसकू उठा के ले जाना पड़ा.’

‘म्हणजे झालं मिटलं.’

त्यांनी गाद्या दोरीनं बांधल्या, गाठ मारली, ती पक्की बसली का हे ओढून बघितलं.

‘मिट गया, म्याडम. पण एक सांगू? पयले हम दोनों शाम कू शेड के सामने घंटा-घंटा चुप बैठते थे. कुछ बोलने का नहीं, कुछ लगता भी नहीं था. परसों चाय पीते पीते वो चुप हुआ, तो मेरे मन में आया, ये क्या सोचरा होंगा. मैंने उसकी तरफ देखा,’ ते म्हणाले, ‘तो वो भी मेरी तरफ वैसाच देखरा था.’